दारावरचा कागद

सोझोपोल, ऑक्टोबर

चि. किरियाक,

तू फोनवर म्हणालास, "आई, बाबांच्या मृत्यूचा तो कागद दारावरून काढ, खोल्या भाड्याने घेणारे पाहुणे घाबरतात." हजारो वर्षांपूर्वीच्या ग्रीकांची थडगी बघायला इथे रांगा लागतात, आणि त्या कागदावरच्या तुझ्या बापाच्या फोटोला भितात! तरी काढला. शेजारची झ्लातका म्हणाली, "काय गं, कागद काढलास, तुझा नवरा स्तामात परत आला वाटतं?" मी चादरी वाळत घालत राहिले.

आता पाहुणे गेले. गुरुवारी बाबांना जाऊन वर्ष झालं, तू आला नाहीस. रीतीप्रमाणे वर्षाचा नवा कागद छापायला टाकला. छापणाऱ्याने विचारलं, "खाली शोकाकुल म्हणून कोणाकोणाची नावं? बायको आणि मुलगा?"

मी म्हटलं, "बायको."

हे पत्र टाकणार नाही. कागद दारावर आहे. आलास कधी, तर वाच.

तुझी आई,
कलियोपी