पेन खाली ठेवल्यावर

पनवेल, रविवार

ती. आईस,

रेवाचा पाया पडून नमस्कार. खोली हवेशीर आहे, डबाही बरा असतो. तुझा गुडघा कसा आहे?

शाळेत दुसरीची मराठीची तोंडी परीक्षा चालू आहे. चित्र दाखवायचं आणि मूल काय बोलतं ते तक्त्यात लिहायचं. कोळ्यांची किशोरी माझ्या पेनाकडे बघत गप्प बसली. मी दोनदा विचारलं आणि ‘बोलत नाही’ असं लिहून मोकळी झाले.

शेजारच्या गुणाबाई संध्याकाळी ओले बोंबील देणार होत्या. आपल्या जालन्यात कुठले बोंबील! म्हणून मधल्या सुट्टीत किशोरीलाच विचारलं, "साफ कसे करतात गं?"

"बाई, तुमाला येवढं पन येत नाय?" म्हणाली, आणि घंटा होईपर्यंत मला शिकवत राहिली. पोट कुठे चिरायचं, वजन ठेवून पाणी कसं काढायचं, सगळं ओळीने. मी तक्त्यातला शेरा खोडला. मुख्याध्यापक खाडाखोडीवरून बोलले. बोलू देत.

तू रोज फोनवर विचारतेस, जेवलीस का, करमतं का, आणि मी नुसतं "हो" म्हणते. आज तू विचारलं नाहीस, म्हणून सांगते. आई, मला इथे अजून करमत नाही.

तुझी,
रेवा