बारावं माणूस

लोमा पुकू, पाराग्वे
सप्टेंबर

प्रिय सेवेरियानो,

तुझे निरोप फादर रुफिनोंच्या फोनवर येतात आणि देवळातली मिस्सेची प्रार्थना संपली की ते मला ऐकवतात. माझा एक कान आता कामातून गेलाय, आणि उरलेल्या कानात तू ब्युनोस आयर्सच्या रहदारीतून ओरडत असतोस. मला ऐकू येतं ते एवढंच, की तू चिडलायस आणि काळजीत आहेस. म्हणून पत्र लिहायला बसले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे, पण आधी इथं काय झालं ते सगळं ऐक. मधलं सोडून शेवट वाचू नकोस. लहानपणी गोष्टीतही तू तेच करायचास.

आमचा वृद्धाश्रम बंद होणार हे तुला ठाऊकच आहे. सिस्टर तेओफिला उपासकाळात देवाघरी गेल्या. सिस्टर इल्देफोन्सा खुब्याचं हाड मोडून राजधानीत, आसुन्सियोनला, पडून आहेत. राहिले मी, त्र्याहत्तर वर्षांची, आणि अकरा म्हातारी माणसं. आमच्या संघाच्या मोठ्या मदर आसुन्सियोनहून आल्या. बिचाऱ्या स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसून रडल्या. म्हणाल्या, “ब्लासिदा, पाठवायला एक मुलगी नाही गं माझ्याकडे. पूर्वी वर्षाला दहा यायच्या.” नाताळच्या आत घर रिकामं करायचं ठरलं. म्हाताऱ्यांना राजधानीतल्या मोठ्या आश्रमांत पाठवायचं, जिथं जागा मिळेल तिथं. म्हणजे कोण कुठं जाईल याचा पत्ता नाही. मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

पण सेवे, त्यानंतर माझी प्रार्थना ओठांपर्यंत यायची आणि तिथंच थांबायची. आयुष्यभर मी लोकांना सांगत आले, की भुकेल्याला भरवलंत तर प्रभूला भरवलंत. आणि आता त्याच प्रभूचे कपडे पिशवीत भरून त्याला बसमध्ये बसवायचं होतं.

फादरांनी एका रविवारी शुभवर्तमान वाचलं आणि प्रवचनाला उभे राहिले. हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, “आज प्रेमावर बोलायचं ठरवून आलो होतो. पण आज ते बोलायची मला लाज वाटते. सिस्टर ब्लासिदा काय सांगतात ते ऐका.” मी नुसती नावं घेतली. प्रत्येकाचं नाव, आणि एकेक गोष्ट. पेर्पेतुआ आजीला सान ब्लास संताची मूर्ती उशाशी लागते. अनास्तासियो उठून चालायला लागतो, त्याला हाक मारायची नाही, हात धरायचा. वेन्सेस्लाओ सार्जंटला दिसत नाही, तो शिव्या देतो, त्या मनाला लावून घ्यायच्या नाहीत. इतकंच सांगून बसले. कोणी उठलं नाही. मिस्सा संपल्यावर लोक माझी नजर चुकवून निघून गेले. परत येताना वाटेत मला स्वतःचाच राग आला. ज्यांच्या घरात एका खोलीत सहा माणसं झोपतात, त्यांच्या गळ्यात मी हे ओझं का घातलं?

दुपारची झोप झाल्यावर फाटकापाशी कोणीतरी हाक मारल्यासारख्या टाळ्या वाजवल्या. बाहेर कालिस्ता उभी. तू ओळखतोस तिला, बस थांब्यावर डोक्यावर चिपाच्या पावांची पाटी घेऊन फिरते ती. उरलेली चिपा ती आमच्याकडे आणायची आणि सार्जंट रोज तिला ऐकवायचा, “आज काय विटा भाजल्यास का गं?” ती म्हणायची, “तुझ्या तोंडात दात कुठायत विटा चावायला, म्हाताऱ्या?” असं वर्षानुवर्षं चाललेलं. तर ती भावाची बैलगाडी घेऊन आली होती आणि गाडीत गादी घातली होती.

“सार्जंट कुठाय?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, “कालिस्ता, दुसऱ्या कोणाला ने. पेर्पेतुआ आजी शांत आहे. हा तुझं डोकं खाईल.”

“शांत माणसं कोणीही नेईल, सिस्टर. याला कोण नेणार?”

“तुला आवडतो का तो?”

“छे. अजिबात नाही,” ती म्हणाली. “पण पहिल्या कम्युनियनच्या वर्गात तुम्हीच शिकवलंत ना, की प्रेम म्हणजे आवडणं नव्हे? मला तेवढंच कळलं होतं. बाकीचं विसरले.”

सार्जंट आतून ओरडला, की मी त्या बाईच्या घरी मरायला जाणार नाही. ती म्हणाली, “मरायला कोण बोलावतंय? मका सोलायला चल. हात तरी धड आहेत ना?” आणि तो उठला. गाडीत बसेपर्यंत शिव्या देत होता, पण बसला.

तिची गाडी गावातून गेली ती सगळ्यांनी पाहिली. त्यानंतर माणसं यायला लागली. खाटीक आला, दारूच्या गुत्त्याचा मालक आला आणि दारातच टोपी काढून म्हणाला, “माझं घर चालेल का, सिस्टर? देवळात मी फारसा दिसत नाही.” मी म्हटलं, तुझ्याकडे न्हाणीघर आहे, ते देवळापेक्षा जास्त उपयोगी पडेल. सगळ्यात नवल म्हणजे त्या नव्या पंथाचे पाद्री आणि त्यांची बायको पेर्पेतुआ आजीसाठी आले. आजी म्हणाली, माझा सान ब्लास बरोबर येणार, नाहीतर मीही येणार नाही. पाद्रीबाबांचा चेहरा पडला. मूर्ती त्यांच्या घरात कशी चालणार? त्यांची बायको म्हणाली, “आजींच्या खोलीत राहू दे. आपण तिकडे बघायचं नाही.” परवा फादर हसत सांगत होते, की सान ब्लासवरची धूळ पाद्रीबाबा स्वतः पुसतात.

सगळं सुरळीत झालं असं समजू नकोस. खाटकाची सून आठवड्यातच अनास्तासियोला परत घेऊन आली. तो ओढ्यापर्यंत चालत गेला होता. ती इतकी घाबरली होती, की रडू थांबेना. मी तिला दोष दिला नाही. शेवटी तिच्या तीन शेजारणींनी दिवस वाटून घेतले आणि मग ती त्याला पुन्हा घेऊन गेली. आरोग्य केंद्रातली डॉक्टर आता घरोघरी फेरी मारते. मोठ्या मदर येऊन प्रत्येक घर बघून गेल्या. जाताना म्हणाल्या, “ब्लासिदा, आश्रम बंद पडला असं कोण म्हणेल?” त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी माझी प्रार्थना आत उतरली.

घर रिकामं झालं. मी व्हरांडा झाडला, झोपायच्या झोळ्या सोडून धुतल्या, कोंबड्या वाटून टाकल्या. माझ्यापुढं दोन वाटा होत्या: आसुन्सियोनला मुख्य मठातल्या आजारी सिस्टरांमध्ये जायचं, नाहीतर तुझ्याकडे. घरच्या माणसांत राहायची परवानगी मदरांनी दिली होती. मी तुझ्याकडे यायचं ठरवलं होतं, सेवे. खरंच ठरवलं होतं. पिशवी भरून ओट्यावर ठेवली होती.

तेवढ्यात कालिस्ता आली. पिशवीकडे बघून म्हणाली, “कुठं निघालात?”

“भावाकडे.”

“भाऊ आजारी आहे?”

“नाही गं. मी म्हातारी झाले.”

ती माझ्याशेजारी ओट्यावर बसली. म्हणाली, “सार्जंटनं पाठवलंय मला. तो म्हणतो, त्या बाईनं अकरा नावं घेतली, बारावं घेतलंच नाही. ती मागणार नाही, तिला मागता येत नाही. जा, घेऊन ये.” मग म्हणाली, “खोली लहान आहे. भिंतीपलीकडून तो घोरतो. पण सकाळचं ऊन येतं.”

मी नको म्हटलं. तिला म्हटलं, तुला ओझं होईल; संघाचे नियम सांगितले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हाताऱ्या माणसांत प्रभू आहे असं तुम्हीच आम्हाला सांगत आलात ना? तुमच्यात नाही का?” मी रडले. तिनं मला रडू दिलं आणि पिशवी गाडीत नेऊन ठेवली. मोठ्या मदरांनी तिला फोनवर विचारलं, सिस्टर प्रार्थना कुठं करणार? ती म्हणाली, “जिथं बसतील तिथं.” मदर हसल्या आणि हो म्हणाल्या.

पहिल्या संध्याकाळी तिनं माझे सुजलेले पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात ठेवले. मी ते झटकन मागे घेतले. कितीतरी म्हाताऱ्यांचे पाय मी धुतले असतील, कधी संकोच वाटला नाही. त्या दिवशी मात्र कळलं, की प्रभू शिष्यांचे पाय धुवायला वाकला तेव्हा पेत्रानं आपले पाय मागे का ओढले असतील. देणं मला सोपं होतं. त्यात माझा हात वर असायचा. कोणाच्या तरी हातात आपला पाय सोडून देणं, तेही प्रेमच आहे, आणि ते मी या वयात शिकते आहे. अजून नीट जमत नाही. कालिस्ता म्हणते, घाई नाही.

आता तुझं उत्तर. मी येणार नाही, सेवे. तुझ्या बायकोनं, मिर्तानं, सांगितलं, की तू रविवारची सुट्टी मोडून गच्चीवर माझ्यासाठी खोली बांधलीस, म्हातारीला चढता यावं म्हणून पायऱ्या बुटक्या ठेवल्यास. ते ऐकल्यापासून तुला ‘नाही’ कसं कळवायचं, याच विचारात होते. म्हणून इतके दिवस गप्प बसले. माझी बहीण एकटी कुठंतरी मरून पडेल, ही भीती तुला आई गेल्यापासून आहे. ती आता सोडून दे. इथं मी पेला खाली पाडला तरी दोन घरांतून माणसं धावत येतात. त्या खोलीचं काय करायचं ते मी सांगणार नाही, पण तुमच्या गल्लीतही कोणीतरी असेल ज्याला उंच पायऱ्या चढवत नाहीत. नाताळला दोघं या. कालिस्तानं अंगणात तुमच्यासाठी झोळ्या टांगायच्या जागा आत्ताच ठरवून ठेवल्यात, आणि तुला काय आवडतं ते ती मला रोज विचारते.

तुझीच, आता घरी पोचलेली,
ब्लासिदा