होडीच्या गाड्याचे दोन पाटे

सोनीच्या बापास,

भाकरी दुरडीत आहे, कालवण चुलीच्या वैलावर. आधी खाऊन घ्या, मग वाचा.

होडी हिप्परग्याच्या तलावात घालू नका. तिच्या तळाची फळी उकलली आहे. आज ती माझा भाऊ भीमा वल्हवणार होता. त्याला पोहता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं की!

फळी कशानं उकलली? होडी न्यायच्या गाड्याच्या चाकांवरच्या दोन्ही कमानींत तुम्ही एकेक लोखंडी पाटा जास्ती घातलात. वर मला म्हणालात, "होडीला आधार पायजे." कसला आधार! दोन गडी उचलतील एवढी ती होडी. कमान लई ताठ झाली, खड्ड्यात दबतच नाही, मग सगळा हादरा होडीच्या तळाला बसतो. असली कमान दगड वाहणाऱ्याला लागते. गाड्यातला फरशीचा चुरा मी महिनाभर मुकाट्यानं झाडते आहे.

म्हणून सकाळी गाडा कोंडीबा लोहाराकडं नेला. पाटे काढताना तो हसला, "आता दादा राजाबाईच्या ओसरीला फरशी कशी न्हेणार, वैनी?"

मी म्हटलं, "कुटली राजाबाई?"

"भवानी पेठंतली," एवढं बोलून तो खाली मान घालून भाता ओढायला लागला.

गाडा अंगणात आहे. आता तो होडीपुरता मऊ आहे, दगड भरलेत तर कमान मोडेल. काढलेले पाटे आणि सोनीला घेऊन मी भवानी पेठेत चालले आहे. त्याच ओसरीवर बसते. पाटे हवे असतील तर तिथं, माझ्यासमोर येऊन घ्या.

तानाबाई