वाघाचं नाक

११ जानेवारी
काच काढली एकदाची! बाबांच्या गेम पार्लरमधली ही शेवटची पिनबॉल मशीन. बाकीच्या भंगारात गेल्या, ही आमच्या हॉलमध्ये घडी न केलेल्या कपड्यांचं ओझं झेलत उभी होती. आतल्या फळीवर वाघ रंगवलाय. बटणं दाबून उडवायची लोखंडी गोळी घासून घासून त्याचं नाक साफ गेलंय, खालचं लाकूड दिसतं.

सरितावहिनी म्हणाली, "काहून हा उपद्व्याप?" बाबांनी पुन्हा खेळावं म्हणून, दुसरं काय. दिवाळीपासून ते मला ओळखत नाहीत. जन्मभर लेकीला 'काय वं' म्हणणारा माणूस आता 'तुम्ही' म्हणतो. जीव जळतो.

१२ जानेवारी
फळी पुसली. फडकं काळंकुट्ट. बाबा खुर्ची ओढून जवळ बसले, संत्रं सोलत. मग वहिनीला म्हणाले, "ह्या पेंटरबाईले चहा द्या. सकाळपासून काम करून राहिल्या."

आधी रडू आलं, मग हसू. चहा मात्र घेतला. फुकटचा कशाला सोडा!

१८ जानेवारी
नारिंगी जमेना. ओला असताना अगदी जुळतो, वाळला की गडद. पुसून पुसून हात दुखले. शेवटी मुद्दाम फिका लावला आणि चिडून मी मिहानमधल्या कंपनीत ड्युटीवर निघून गेले. संध्याकाळी येऊन पाहते तर — जुना कुठे संपतो, नवा कुठे लागतो, कळत नाही!

१९ जानेवारी
नाक झालं, मिशा काढल्या. बाबांनी वाकून पाहिलं. "बाई, राग नका मानू. मांजर दिसून राहिली."

दिसत होतीच. मिशा पुसल्या, जबडा रुंद केला. दुपारभर आम्ही दोघंच. ते मला संत्र्याच्या फोडी देत होते, बिया काढून. पेंटरबाई म्हणून का होईना, त्यांच्याजवळ एवढा वेळ मी आधी कधी बसले होते? छान गेला दिवस. ओळखलंच पाहिजे हा हट्ट थोडा सैल झाला. थोडाच.

२४ जानेवारी
रंग टिकावा म्हणून वरून लॅकरचा हात दिला. कोणी बोट लावायचं नाही, असं घरभर बजावलं. लावलं मीच. वाघाच्या कानावर ठसा. राहू दे.

१ फेब्रुवारी
काच बसवली, मशीन सुरू केली. बाबांची बोटं आपोआप बटणांवर गेली. नाक टिकतंय का ते पाहायला मी काचेवर वाकले.

"सरक वं. गोळी दिसून नाही राहिली."

सरकले.