बधिर हाताची साक्ष

त्या सकाळी मी भट्टी पेटवली, कप विसळून उपडे घातले, फरशी पुसली. हे उकळत्या कॉफीचं पातेलं उघड्या हातांनी उतरवत होते.

"अहो, फडकं तरी घ्या," मी म्हटलं.

"आणि ते धुणार कोण?" म्हणाले आणि हसले. मीही हसले. तासाभराने आम्हाला कोर्टात हजर व्हायचं होतं.

मी त्यांची विधवा, वय एकाहत्तर, कोपऱ्यावरच्या हॉटेलची आताची मालकीण, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मन ठिकाणावर नाही, पण कायद्याला त्याची गरज नसावी.

एक. वरच्या दोन खोल्या मुलीला. जावयांनी मधली भिंत पाडू नये; त्यांना पाडापाडीची हौस आहे.

दोन. बँकेतली शिल्लक दोन्ही मुलांना निम्मी-निम्मी. भांडण्याजोगी ती नाही.

तीन. शिलाई मशीन नणंदेला. तिने ती तीनदा मागितली आणि तिन्ही वेळा आधी माझ्या शिवणीला नावं ठेवली. आता स्वतः शिवावं, स्वतः उसवावं.

चार. शाळा चौथीत सुटली. पुढचं रद्दीवाल्याकडच्या पुस्तकांनी शिकवलं. ती सगळी वाचनालयाला. कायद्याच्या पुस्तकांतल्या माझ्या पेन्सिलीच्या खुणा खोडू नयेत. यांचा चष्मा मात्र माझ्याबरोबर जाऊ द्यावा. सोबत काही जात नाही हे मला कळतं; तरी.

पाच. हॉटेल, भट्टी, भांडी मुलाला. पण त्याबरोबर अपीलही आलं. हे कलम मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. मघाशी उठून खिडकी लावली, परत उघडली.

समोरच्या कचेरीतल्या एक टायपिस्टबाई रोज आमच्याकडून कॉफी न्यायच्या. एकदा कपाचं झाकण निघालं आणि मांडी भाजली. तीन आठवडे दवाखान्यात होत्या. अजून त्यांना सलग तासभर बसवत नाही, आणि काम तर बसूनच करायचं. त्यांनी नुकसानभरपाईचा दावा लावला.

"गरम मागायचं, आणि गरम दिलं की कोर्टात जायचं!" नणंद म्हणाली. "उद्या बोट कापलं म्हणून सुरीवाल्याला धरतील."

मीही मान डोलावली. असे सगळेच दावे खरे नसतात, हे आजही म्हणते. चालत्या गाडीत मांडीवर कप धरून बसणाऱ्याची मला दया येईल, पण त्याचा दावा मी फेटाळीन. तरी गिऱ्हाईक गरम मागतं ते पिण्याजोगं. कातडी सोलण्याजोगं कोणी मागत नाही.

कोर्टात यांनी थर्मासमधली कॉफी कपात ओतली आणि कप मुठीत धरला. "बघा साहेब, मला कुठे चटका बसतोय?" शंभरापर्यंत मोजलं. लोक हसले. आम्ही जिंकलो. बाईंनी अपील केलं. वर्षाने हे गेले, आणि त्यांच्या जागी माझं नाव लागलं.

हे खोटं बोलले नाहीत. चाळीस वर्षं भट्टीपाशी काढून त्यांचे तळहात बधिर झाले होते. आंघोळीचं पाणीसुद्धा मी विसणून द्यायची. त्यांना अंदाज येत नसे. हे ठाऊक असून मी कोर्टातल्या बाकावर गप्प बसले. गेल्या महिन्यात तापमापक आणून तशीच कॉफी मोजली. एकोणनव्वद अंश. कातडी जायला सत्तरला एक क्षण पुरतो, असं पुस्तकात आहे.

सहा. म्हणून माझ्या पश्चात मुलाने हे सगळं कोर्टाला सांगावं.

हा मसुदा मी मुलाला वाचायला दिला.

"बाबांना खोटं पाडायचं?" तो म्हणाला.

"त्यांना नाही रे. मला."

"मग तूच सांग ना! बाकावर तू होतीस, मी नव्हतो. स्वतः मरून मोकळी होणार आणि माझ्या तोंडून वदवणार? हॉटेल बंद पडलं तर?"

"भट्टी मंद ठेव. झाकणं घट्ट बसणारी घे."

"विषय बदलू नकोस, आई."

मी बदलत होतेच. कलम तसंच ठेवून सही करते आहे.

लिहिणारीची सही
साक्षीदार: १. शेजारचे शिंपी (सही) २. दवाखान्यातली परिचारिका (सही)
स्थळ: हॉटेलच्या वरची खोली
सोमवार, ९ फेब्रुवारी

पुरवणी. मंगळवार, १० फेब्रुवारी. साक्षीदार तेच, स्थळ तेच.

कलम सहा रद्द. रात्रभर डोळा लागला नाही. आज सकाळी मी कोर्टात गेले आणि यांच्या हातांबद्दल, तापमापकाबद्दल आणि माझ्या गप्प बसण्याबद्दल शपथेवर लिहून दिलं.