अखंड दम

२ जानेवारी
आजपासून रोजनिशी. आत्मचरित्राला उपयोगी पडेल. त्याचं नावही ठरलं : ‘अखंड दम’. घशाच्या कॅन्सरला हरवून, रेडिएशनचे तेहतीस शेक घेऊन, निम्मा आवाज डॉक्टरला देऊन पुन्हा मैदानात उतरणारा निपाणीतला पहिला कबड्डीपटू. २६ तारखेला जुन्या खेळाडूंची मॅच. पहिली चढाई माझी. शेवटचं प्रकरण, ‘विजय’, आजच लिहून टाकलं. मॅच तेवढी व्हायची आहे.

३ जानेवारी, सकाळी ६
परसात सराव. ‘कबड्डी कबड्डी’ सलग अकरा सेकंद. भाग्यलक्ष्मी आतून म्हणाली, “अहो, कुकरची वाफ कुठनं जातीया बघा की.” चोवीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याचा दम आणि कुकर यातला फरक कळत नाही.

७ जानेवारी
बेळगावला चेकअप. डॉक्टर पोरसवदा. घशात कॅमेरा घालून म्हणाला, आवाज आता कुजबुजीएवढाच राहणार. खेळाचं विचारलं तर म्हणाला, कॅरम चांगला. मी तिथंच दम घुमवून दाखवला. ‘साकु, साकु,’ म्हणजे पुरे, म्हणाला. घाबरला असणार. वर तंबाखूची चौकशी. निपाणीत जन्मलेल्या माणसाला हे विचारायचं! सोडली म्हणून सांगितलं. सोडलीच आहे. दोस्त भरमू बिडी ओढतो तेव्हा मी फक्त धूर येतो त्या बाजूला उभा राहतो.

१० जानेवारी
शाळेनं पीटीचे तास काढून घेतले, लायब्ररी दिली. हेडमास्तर म्हणाले, तिथं आवाज लागत नाही. स्टाफरूममध्ये कोण कोण हसलं त्याची यादी केली आहे.

१४ जानेवारी
संक्रांत. नागोजी तिळगूळ घेऊन आला. हाच तो पंच. १९९८, संकेश्वरची फायनल, तीन सेकंद शिल्लक, मी मध्यरेषेपासून हातभर, आणि या माणसानं शिट्टी फुंकली : दम तुटला, बाद. तुटला नव्हता. अठ्ठावीस वर्षं सांगतोय.
२६ तारखेलाही पंच हाच. म्हणाला, “सुबराव, दम ऐकू आला न्हाय तर बाद देणार बघ. आजारी हैस म्हणून सूट न्हाय.” सूट कुणी मागितली होती? तिळगूळ मुंग्यांना टाकला. भाग्यलक्ष्मीनं परत उचलून त्यातले चार खाल्ले. घरातच फितुरी.

१५ जानेवारी
हरकतीचा अर्ज आगाऊ लिहून ठेवला. ‘खेळाडूचा दम अखंड चालू असताना तो पंचांना ऐकू न येणे हा पंचांच्या कानांचा दोष आहे.’ खाली सही, तारीख २६. मॅचला खिशात ठेवणार.

१९ जानेवारी
भरमूसोबत सराव. भरमू आमचा कॅप्टन. पलीकडच्या रेषेवर उभा राहिला. दम एकोणीस सेकंद! घड्याळ त्याचंच. मध्ये त्यानं बिडी पेटवली, तेवढा वेळ वजा केला की नाही, विचारलं नाही. आवाज येतोय का विचारलं तर “व्हय रं, लई मोठ्ठा.” यालाच मित्र म्हणायचं. घरी आल्यावर भाग्यलक्ष्मी म्हणाली, भरमूअण्णाला उजव्या कानानं ऐकू येत नाही. मग डाव्यानं आला असेल.

२४ जानेवारी
भाग्यलक्ष्मी म्हणाली, चढाई करू नका, नुसतं मैदानात उभं राहा. मी नाही म्हणालो. तर म्हणाली, “दवाखान्यात तुमचा श्वास मोजत बसलते मी. तवा कुणी शिट्टी मारायला न्हवतं.” इमोशनल ब्लॅकमेल. आत्मचरित्रात घ्यायचं की नाही ते नंतर बघू.

२५ जानेवारी
सराव नाही. उद्यासाठी दम राखून ठेवला.

२६ जानेवारी, संध्याकाळी ७
चढाईला निघालो तर नागोजीनं देशभक्तीची गाणी बंद करायला लावली. मग जनरेटर. मग ‘गप्प बसा रं’ म्हणून सगळं मैदान गप्प केलं. मला वाटलं, श्रद्धांजलीच.
मग कंबरेत वाकून, कान माझ्या तोंडाशी आणून, मध्यरेषेपासून माझ्याबरोबर चालू लागला. पंचानं इतकं जवळ यायचं असतं? हा मुद्दा अर्जात नव्हता.
समोर सात जण. कुणी हात लावला नाही. नवव्या कबड्डीला घसा मिटला. ‘क’ आला, पुढचं आलं नाही.
शिट्टी. दम तुटला, बाद.
खिशातला अर्ज काढला. कुजबुजलो, तुला ऐकूच आला नाही. तर म्हणाला, “आला रं. सगळा आला. म्हणून तर तुटल्याला बी कळला.”
लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाद झालेल्याला टाळ्या! भाग्यलक्ष्मी सगळ्यात जोरात.

रात्री ८
तिनं कोमट पाणी दिलं.
अर्ज आता निरुपयोगी. पण पाठकोरा आहे, शेवटचं प्रकरण त्यावर नव्यानं लिहिता येईल. तेवढी जागा पुरेल.
संकेश्वरलाही तुटला होता.
बहुतेक.