दुर्बीण घालण्याआधी

प्रिय ठकूस,

काल विहीणबाईंचा फोन आला. गुरुवारी म्हणे तुझ्या पोटाला भोक पाडून आत दुर्बीण घालणार, मूल का राहत नाही ते बघायला. तुम्ही मुळीच काळजी करू नका, मी तिच्या उशाशी बसून राहीन, असं वर मलाच धीर देत होत्या. बाई वाईट नाहीत, हाच तर वैताग आहे. वाईट असत्या तर पदर खोचून भांडले असते. चांगल्या माणसाशी काय भांडणार? मी हो हो केलं आणि फोन ठेवून भांडी आदळत बसले.

कारण मला सगळं माहीत आहे. दचकू नकोस, पत्र पुरतं वाच.

महिन्यापूर्वी तुझा नवरा घरी येऊन गेला, हे त्याने तुला सांगितलं नसणारच. दाराजवळच्या खुर्चीत टेकला. आधी आमच्या पंख्याचा आवाज येतो यावर बोलला, मग पाण्याच्या टाकीवर, मग पडद्यांच्या रंगावर. माझ्या हाताने मी त्याला दुसऱ्यांदा चहा केला, यावरून काय ते समज. शेवटी कपात बघत, जणू त्या कपालाच सांगतोय असं पुटपुटला की ती लग्न झाल्यापासून मूल राहू नये म्हणून गोळ्या घेते, आमचं दोघांचं तसं ठरलंय. मी म्हटलं, अहो, मग ते डॉक्टर शोधताहेत काय? तर म्हणाला, तेच ना. तेच ना! चांगला शिकला-सवरलेला माणूस, बँकेत शंभर लोकांच्या सह्या तपासतो, आणि बायकोच्या बाबतीत तोंडातून निघतं काय, तर तेच ना. गोळ्यांमुळे तपासण्यांचे निकाल भलतेच येतात, डॉक्टर बुचकळ्यात पडतात, पुढची तपासणी लिहून देतात, आणि हे आपले निमूटपणे तुला घेऊन जातात. का, तर खरं सांगितलं तर आईला काय वाटेल. बायकोला भूल दिली, पोटाला भोक पाडलं तरी चालेल, पण आईला काही वाटता कामा नये. आठ दिवसांत घरी सांगा, असं मी बजावलं होतं. सांगतो म्हणाले. अजून सांगताहेत.

आणि माझी शोभा झाली ती तर विचारूच नकोस. दोन वर्षं आठवड्यातून एकदा उपाशी राहून मी नातवंड मागतेय. मी वरच्या दरबारात अर्ज टाकते आणि तू खालून नामंजूरचा शेरा मारतेस. देवाने तरी ऐकायचं कुणाचं?

मूल का नको, हे मी त्याला विचारलं. त्याने नुसतं आतल्या खोलीकडे बघितलं. आत तुझा धाकटा भाऊ आपल्या खवलेदार अंगाला तेल चोळत बसला होता. मग मला आणखी काही विचारायची गरज उरली नाही.

ठकू, त्या क्षणी मला तुझा फार राग आला. त्याच्यासारखं मूल नको म्हणून गोळ्या? जिने त्याच्यासाठी मारामाऱ्या केल्या तिने? त्याला खवल्या म्हणणाऱ्या पोराच्या डोक्यात तू कंपासपेटी हाणली होतीस आणि मुख्याध्यापकांपुढे उभी राहून, परत म्हणाला तर परत हाणीन, असं म्हणाली होतीस. माझे हात कणकेत असले की त्याच्या पाठीला तेल तूच लावायचीस. घरी मैत्रिणी यायच्या असल्या की आधी त्याची चादर गच्चीत नेऊन खवले झटकून आणायचीस. मला वाटायचं, पोरगी टापटिपीची आहे. त्या झटकण्यात तू मनाशी काय ठरवत होतीस ते मला कसं कळणार?

जावई गेल्यावर धाकटा बाहेर आला. आपल्या भिंती म्हणजे नावाला भिंती. सगळं ऐकलं होतं त्याने. मी तुझ्या नावाने बोटं मोडत होते, तर म्हणाला, आई, तिच्यावर कशाला चिडतेस. तिला माझ्यासारखा नको, तर मलाही बरीच वर्षं मी नको होतो. आता झालीय सवय माझी मला. एवढं बोलून सदऱ्याच्या लांब बाह्या खाली ओढल्या, पान्हे-पक्कडीची पिशवी उचलली आणि कुणाची तरी मोटर दुरुस्त करायला निघून गेला. मी तिथेच बसून राहिले. भाजी लागली, त्याचाही पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी म्हणाला, तयार हो, मोठ्या इस्पितळात जायचंय. तिथे त्याच्या कातडीवर संशोधन चालतं. आईला घेऊन या म्हणून ते कधीपासून त्याच्या मागे लागले होते, आणि या दीडशहाण्याने मला सांगितलंच नव्हतं. का, तर म्हणे, आई, तुला बसचा त्रास होतो. म्हणजे या घरात प्रत्येकजण दुसऱ्याला त्रास नको म्हणून गप्प, आणि त्रास मात्र सगळ्यांना.

तिथे एकाच मजल्यावर ओळीने तीन दारं आहेत. एका दाराआड मूल होऊ नये म्हणून शोध, दुसऱ्याआड मूल व्हावं म्हणून शोध, तिसऱ्याआड अंगच्या कातडीचा. आणि तिन्हींना मिळून बाहेर बाक एकच. मी टेकले ती नेमकी पहिल्या दारासमोर. एक नर्स आली आणि माझ्या पांढऱ्या केसांकडे न बघताच विचारते, तुम्हाला किती वर्षं मूल नकोय? मी म्हटलं, बाई, आता तो प्रश्न सुटला. धाकटा इतका हसला की शेजारची अवघडलेली बाईसुद्धा हसायला लागली.

संशोधन करणारी मुलगी तुझ्याच वयाची. पण धीराने समजावलं तिने. शरीरात एक रस असतो, तो आपल्या धाकट्याच्या अंगात तयारच होत नाही, म्हणून जुनी कातडी वेळेवर सुटत नाही. हे आईकडून मुलाकडे येतं, पण आईच्या अंगावर बहुधा दिसत नाही. मग तिने विचारलं, याच्या वेळी कळा उशिरा आल्या होत्या का? मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? दिवस उलटून गेले तरी कळा येईनात, तेव्हा तुझी आजी म्हणत होती की हिला बाळंत व्हायचाही आळस आहे. ती मुलगी म्हणाली, तो रस बाळाच्या वारेतही लागतो, नसेल तर कळा लांबतात. ऐकून बरं वाटलं आणि संतापही आला. आयुष्यभर हे मला कुणी सांगितलं नाही, आणि आता जिला सुनवावं ती सासूही राहिली नाही.

त्या दिवशी त्यांनी माझं रक्त घेतलं. त्याचा निकाल आज सकाळी आला, म्हणून हे पत्र. दोष माझ्यात आहे. तुझ्यात आला असेल किंवा नसेल, दोन्ही सारखंच शक्य आहे. असलाच, तरी तुझ्या मुलींची कातडी चांगली राहील, मुलग्यांपैकी प्रत्येकाला निम्मी भीती. नसला, तर तू इतकी वर्षं नसलेल्या वाघाला भिऊन दार लावून बसली आहेस. हे फक्त तुझं रक्त सांगेल, दुर्बीण नाही. फोनवर बोलले असते, पण तुमच्याकडे फोन विहीणबाईच उचलतात, म्हणून हे पत्र तुझ्या नवऱ्याच्या हाती देतेय. त्याला आज सांगितलंय, आईला सांगायचं तुमच्याने होत नसेल तर ठकूबरोबर नुसते उभे राहा, बोलेल ती. विहीणबाई रडतील, दोन दिवस जेवणार नाहीत, मग जेवतील. तू बुधवारी सकाळी त्या बाकावर ये, आम्ही दोघं तिथे असू. धाकट्यानेच तुझं नाव नोंदवलंय. त्यानंतर मूल हवं म्हण की नको म्हण, मी एका शब्दाने विचारणार नाही, उपासही सोडलाय. मला हे सगळं आधी सांगून, मूल हवं का, असं कुणी विचारलं असतं, तर घाबरून मीही नको म्हटलं असतं, आणि आज कपाटाआडून मोटरची तार ओढत, आई, पाय उचल जरा, असं खेकसणारा हा माणूस माझ्या घरात नसता. हे तुला भरीला घालायला लिहीत नाही. तू ठरव. फक्त माहीत करून घेऊन ठरव, आणि गुरुवारी त्या टेबलावर चढू नकोस.

तुझीच, जिला सगळ्यांनी जपून जपून वेड लावलंय ती,
आई